मानेतली सेंट्रल लाइन, झुकलेली पापणी आणि बसलेला आवाज

विचारलं आहे ते थोडक्यात असं: पेशंट पासष्टीचा, शुद्धीवर, घशात नळी नाही. काल संध्याकाळी उजव्या मानेतून इंटर्नल जुग्युलर या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) टाकली. तीनदा टोचावं लागलं, एकदा कॅरोटिड (मेंदूकडे जाणारी धमनी) लागली, ती दाबून धरली. आज सकाळी उजवी पापणी किंचित खाली आलेली, त्याच डोळ्याची बाहुली बारीक, आणि आवाज बसलेला. सुईनंच झालं का, लाइन काढू का, बरं होईल का?

लाइनशी याचा संबंध आहे असं धरूनच चाला. पण 'सुईनं नर्व्ह (मज्जातंतू) तुटली' हा निष्कर्ष आज काढू नका, कारण तो आज काढताच येत नाही. आज शोधायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांतल्या दोन घाईच्या आहेत.

पहिली, मानेत रक्त साठतंय का. मान दोन्ही बाजूंनी चाचपून पाहा, सूज कुठवर आहे तिथे पेननं खूण करा, तासाभरानं परत पाहा. आवाज आणखी बसत चालला, श्वास आत घेताना घरघर येऊ लागली किंवा गिळता येईना, तर स्कॅनची वाट पाहू नका. श्वासमार्ग सांभाळण्यात ज्याचा हात बसलेला आहे त्याला आधी बोलवा. दुसरी घाईची गोष्ट कॅरोटिडची. सुई लागल्यानं धमनीच्या आतल्या थरात चीर जाऊ शकते, आणि कॅरोटिडच्या अशा चिरेचं पहिलं लक्षण पुष्कळदा हेच असतं: एका बाजूची पापणी खाली, बाहुली बारीक, सोबत मानेत किंवा चेहऱ्यात दुखणं. त्याचा पुढचा टप्पा पक्षाघात असू शकतो. म्हणून मानेची सोनोग्राफी लगेच करा, आणि किडनी आणि एकंदर परिस्थिती परवानगी देत असेल तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) आजच. हातपाय, बोलणं आणि चेहऱ्याचा तिरकेपणा दर तासाला तपासा.

आता हे सगळं तिथेच का घडतं ते. आपल्या भाषेची एक गंमत आहे, शिरेलाही नस म्हणायचं आणि नर्व्हलाही. 'नस सापडत नाही' म्हणतो तेव्हा ती शीर असते, 'नस दबली' म्हणतो तेव्हा नर्व्ह. मानेत निसर्गानंही असाच घोळ घालून ठेवला आहे. कॅरोटिड आतल्या बाजूला, जुग्युलर बाहेरच्या बाजूला आणि दोघींच्या मधल्या खाचेत, जराशी मागे, व्हेगस, म्हणजे स्वरयंत्रालाही शाखा देणारी नर्व्ह. तिघींना मिळून एकच आवरण. त्या आवरणाच्या मागे, मणक्यासमोरच्या स्नायूंवर, पापणी आणि बाहुलीवर ताबा असलेली नर्व्हची सिंपथेटिक साखळी. बाहेरच्या बाजूला अँटीरियर स्केलीन स्नायूवरून तिरकी उतरणारी फ्रेनिक, म्हणजे डायफ्रामची (श्वासपटलाची) नर्व्ह. स्केलीनच्या मागून, दोन स्नायूंच्या फटीतून बाहेर पडणारा ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नर्व्हचं जाळं. बहुतेक माणसांत जुग्युलर कातडीखाली सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर असते, आणि आपल्या हातातली सुई त्याच्या कितीतरी पट लांब. शीर सापडेना म्हणून सुई आणखी आत गेली की ती शिरेच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडते. मागे काय काय आहे ते वर सांगितलंच.

तुमच्या पेशंटमध्ये दोन नर्व्हची लक्षणं एकत्र आहेत, सिंपथेटिक आणि व्हेगस. सुईचं एक टोक दोन्हींना नेमकं लागण्यापेक्षा, दोघींच्या मधल्या जागेत काहीतरी पसरलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ते रक्त असू शकतं, किंवा बधिर करायचं औषध. औषधाचा विचार घड्याळाकडे पाहून करायचा. लिग्नोकेनचा असर तास-दोन तास, ॲड्रेनालिन मिसळलेलं असेल तर आणखी थोडा. लाइन टाकल्यावर पंधरा मिनिटांनी पापणी झुकली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत उघडली, तर ते औषध. तुमच्याकडे रात्र उलटून गेली आहे, म्हणजे लिग्नोकेन सुटलं. जास्त टिकणारं बुपिव्हाकेन वापरलं असेल तरच दुपारपर्यंत थांबून पाहण्यात अर्थ आहे. लाइननंतर लगेच काही नव्हतं आणि तासांनी दिसू लागलं, वाढत गेलं, तर वाढणारा रक्तगोळा. टोचतानाच लक्षण आलं आणि तसंच राहिलं, तर सुई किंवा डायलेटर (नळीसाठी वाट रुंद करणारा दांडा). आठवड्यानं उगवलं, तर शिरेतली गुठळी, जंतुसंसर्ग, किंवा भिंतीबाहेर झिरपलेलं औषध.

हा सगळा हिशोब एका गोष्टीवर उभा आहे: लाइन टाकण्याआधी पेशंट कसा होता, हे कुणीतरी लिहिलेलं असणं. आणि तेच नसतं. 'लाइन सक्सेसफुली इन्सर्टेड, नो कॉम्प्लिकेशन्स' हे वाक्य मी अशा फायलींत वाचलं आहे, ज्यांत लिहिणाऱ्यानं पेशंटचे डोळे उघडूनही पाहिले नव्हते. मी स्वतःही तसं लिहिलं आहे. तुमच्याकडे आधीची नोंद नसेल तर एक साधा उपाय: नातेवाइकांच्या फोनमधला पेशंटचा महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचा फोटो मागा आणि डोळ्यांवर मोठा करून बघा. निम्म्या वेळा पापणी आधीपासूनच तशी असते, असं मी म्हणणार नाही, पण एकदा तरी माझा सीटी टळला आहे.

डोळ्याची तपासणी नीट करा, कारण इथे एक चूक महाग पडते. या प्रकारात पापणी एक-दोन मिलिमीटरच खाली येते, कारण सिंपथेटिकवर चालणारा स्नायू लहानसा आहे. पापणी पूर्ण मिटलेली आणि बाहुली मोठी असेल, तर तो तिसऱ्या क्रेनिअल (थेट मेंदूतून निघणाऱ्या) नर्व्हचा मामला, आणि मेंदूत काय चाललंय हे तातडीनं पाहायचं. योहान फ्रीडरिख हॉर्नर या स्विस नेत्रतज्ज्ञानं १८६९ मध्ये वर्णन केलेली खूण अशी ओळखायची: खोलीतले दिवे मालवा, पाच सेकंद थांबा, बाजूनं मंद उजेड टाकून दोन्ही बाहुल्या पाहा. निरोगी बाहुली पटकन मोठी झालेली असते, दुखावलेली मागे रेंगाळते. आणखी दहा सेकंदांनी पाहिलं की तीही थोडी मोठी झालेली, फरक कमी झालेला. उजेडात दोघींत फारसा फरक नाही आणि अंधारात ठळक, तर लहान बाहुली आजारी आहे. मानेच्या खालच्या भागात साखळी दुखावली असेल तर त्या बाजूचा अख्खा चेहरा कोरडा लागतो. बोटाच्या मागच्या बाजूनं दोन्ही गाल चाचपून पाहा, फरक कळतो.

आयसीयूत यात दोन सापळे आहेत. फेंटानिल या वेदनाशामकावर असलेल्या पेशंटच्या दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतात, त्यात हॉर्नर लपून जातो. दुसरा सापळा उलटा: इप्राट्रोपियमचा (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) नेब्युलायझर मास्क एका बाजूनं सैल असला की वाफ त्या डोळ्यात जाते, ती बाहुली मोठी होते, आणि निरोगी बाहुलीला आपण बारीक ठरवतो.

आवाजाचं बघताना पेशंटला आधी काही खायला-प्यायला देऊ नका. उजवी रिकरंट लॅरिंजिअल (व्हेगसची स्वरतंतूंकडे जाणारी शाखा) सबक्लेव्हियन धमनीखालून वळून वर येते, डावी महाधमनीखालून. स्वरतंतू एका बाजूला लुळा पडला की आवाज तर बसतोच, पण पाणी श्वासनलिकेत उतरण्याचा धोका त्याहून मोठा. कानानाकघशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र पाहून घ्या, मग चमच्यानं सुरुवात. पेशंटच्या घशात अलीकडे नळी असती तर मी आधी नळीवर संशय घेतला असता, तुमच्याकडे ती पळवाट नाही.

आणि छातीचा एक्स-रे काढलाच असेल, तर त्यावर फक्त लाइनचं टोक आणि न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा) बघून बाजूला ठेवू नका. उजव्या डायफ्रामचा घुमट बघा.

इथे जरा थांबतो, कारण हे मी अंगावर घेऊन शिकलो. शिकत होतो तेव्हाची गोष्ट. व्हेंटिलेटरवरच्या एका बाईंना मी उजव्या मानेतून डायलिसिसचा जाड कॅथेटर घातला, हातानं चाचपून, चार वेळा टोचून. लाइन उत्तम चालली, मला शाबासकीही मिळाली. पुढच्या आठवड्यात बाईंची नळी दोनदा काढली, आणि दोन्ही वेळा काही तासांत परत घालावी लागली. दर एक्स-रेवर उजवा घुमट वर होता. राउंडला कुणी म्हणायचं तळाशी कफ अडकलाय, कुणी म्हणायचं उजवा घुमट यकृतामुळे वरच असतो. असतोच, पण साधारण एक-दोन सेंटीमीटर. इथे तो त्याच्या दुप्पट होता आणि लाइन टाकण्याआधीच्या फिल्मवर तसा नव्हता. ती आधीची फिल्म नवव्या दिवशी शेजारी लावून पाहिली, तीही मी नाही, रेडिओलॉजीतल्या एका सहकाऱ्यानं. मग बरगडीखाली सोनोग्राफीचा प्रोब ठेवून आम्ही बाईंना मशीनच्या आधाराविना काही श्वास घेऊ दिले. श्वास आत घेताना घुमट प्रोबकडे यायला हवा. तो दूर पळत होता. फ्रेनिक गेली होती. मशीनचा दाब दोन्ही घुमट सारखेच ढकलत असतो, त्यामुळे आठ दिवस सगळं झाकलं गेलं. सहा महिन्यांनी तो हलू लागला. फाइलमधलं माझं 'नो कॉम्प्लिकेशन्स' अजूनही तिथेच असेल.

यातून निघालेला एक नियम मी मोडत नाही: उजव्या मानेत खटाटोप झाल्यावर, तिथलं नुकसान तपासल्याशिवाय डाव्या मानेला हात लावायचा नाही. एका बाजूची फ्रेनिक गेली तर माणूस बहुधा निभावून नेतो. दोन्ही गेल्या तर नाही. रिकरंट लॅरिंजिअलचंही तेच; दोन्ही स्वरतंतू मधोमध येऊन थांबले की श्वासाची वाट बंद. तुमच्या पेशंटला उद्या दुसरी लाइन लागलीच तर जांघेतून, सोनोग्राफीखाली.

सध्याची लाइन काढायची का? आधी ती शिरेतच आहे याची खात्री करा: नळीतल्या दाबाचा आलेख (प्रेशर वेव्हफॉर्म), रक्तातल्या वायूंची तपासणी (ब्लड गॅस) आणि सोनोग्राफी. शिरेत असेल, चालत असेल आणि आसपास रक्तगोळा वाढत नसेल, तर ती काढल्यानं नर्व्ह बरी होत नाही. गरज संपली की काढा. टोक धमनीत निघालं, तर मात्र आपल्या मनानं ओढून काढू नका. जाड नळी कॅरोटिडमधून अशी उपसणं म्हणजे दुसरा अपघात. रक्तवाहिन्यांच्या सर्जनला बोलवा आणि तोवर नळी जागच्या जागी राहू द्या.

मान सोडून इतर जागांबद्दल थोडक्यात, कारण हा प्रश्न तिथेही येतो. गळ्याच्या हाडाखालच्या सबक्लेव्हियन शिरेत लाइन टाकताना ब्रेकियल प्लेक्सस धमनीच्या वर आणि मागे असतो. सुई खोल आणि वरच्या दिशेनं गेली की तो लागतो. शुद्धीवर असलेला पेशंट 'हातात करंट गेला' म्हणतो. त्या शब्दाला थांबायचं म्हणजे थांबायचं: सुई मागे, औषध आत ढकलायचं नाही, दिशा बदलायची. 'जरा सहन करा, झालंच' हे त्या क्षणी बोलायचं वाक्य नाही. काखेत किंवा दंडात धमनी लागली असेल तर रक्त आवरणाच्या आत साठून नर्व्ह आवळल्या जातात. आधी दुखणं, मग बधिरपणा, मग बोटांची ताकद जाते, आणि मनगटावर नाडी व्यवस्थित लागत राहते. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहिलेल्यांनी हात गमावल्यासारखे करून ठेवले आहेत. हे काही तासांत सर्जननं मोकळं करायचं काम आहे.

जांघेत बाहेरून आत क्रम नर्व्ह, धमनी, शीर असा. नर्व्ह सर्वांत लांब, म्हणून ती थेट लागणं कमी. पण रक्त पोटामागे साठलं तर सोआस-इलियाकस या मांडी वाकवणाऱ्या स्नायूंच्या जागेत तीच फिमोरल नर्व्ह दबते. पेशंट मांडी पोटाशी घेऊन पडतो, सरळ करू देत नाही, उभा केला तर गुडघा लचकतो, हिमोग्लोबिन उतरतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ही शक्यता आधी घ्या. दंडातून पिक लाइन (हृदयाजवळ नेलेली बारीक लांब नळी) टाकताना शक्यतो बॅसिलिक शीर निवडावी, कारण ब्रेकियल शिरांना ब्रेकियल धमनी आणि मिडियन नर्व्ह चिकटून असतात. बॅसिलिकसोबतही हाताच्या आतल्या बाजूची एक त्वचेची नर्व्ह धावते, पण ती गेली तर बधिर पट्टा राहतो, पंजा जात नाही.

हमखास निसटणारी म्हणजे अ‍ॅक्सेसरी नर्व्ह, मानेच्या मागच्या त्रिकोणात, अगदी कातडीजवळ. पेशंट महिन्यानं खांदा दुखतो म्हणून येतो, फ्रोझन शोल्डर समजून व्यायाम सुरू होतात, आणि मानेवरचा तो बारीक व्रण कुणी पाहत नाही. दोन्ही खांदे उचलायला सांगा, हात बाजूनं डोक्यावर न्यायला सांगा. ट्रॅपिझियस (खांदा उचलणारा स्नायू) कमजोर असेल तर लगेच दिसतं.

हातापायातली प्रत्येक कमजोरी मात्र लाइनच्या माथी मारू नका. आयसीयूत आठवडे काढलेल्या पेशंटला दोन्ही बाजूंना सारखी कमजोरी आली, तर ती गंभीर आजारातली पॉलिन्युरोपथी (अनेक नर्व्ह एकदम बिघडणं) असण्याची शक्यता जास्त. आणि डोकं खाली, हात ताणून बाहेर, मान विरुद्ध दिशेला पिळलेली, अशा स्थितीत तासभर झोपवलं तर सुई न लावताही ब्रेकियल प्लेक्सस ताणला जातो.

टाळायचं कसं याबद्दल माझं मत थोडं एकांगी आहे. सोनोग्राफी वापरा हे सगळेच सांगतात. ब्रिटनच्या नाइस या उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या संस्थेनं जुग्युलरसाठी २००२ मध्येच तशी शिफारस केली होती. पण स्क्रीनवर दिसणारा पांढरा ठिपका सुईचं टोकच आहे असं समजणं, ही आता जास्त घडणारी चूक आहे. आडव्या छेदात सुईचा मधला भागही तसाच ठिपका देतो, आणि टोक तोवर मागच्या भिंतीपार गेलेलं असतं. टोकाचा माग काढत प्रोब सरकवता येत नसेल, तर प्रोब हातात असून उपयोग नाही. चांगल्या प्रोबवर धमनी आणि शीर यांच्या मधल्या खाचेत मधाच्या पोळ्यासारखा बारीक गोल ठिपका दिसतो, तो व्हेगस. टोचण्याआधी तो एकदा शोधायची सवय लावा. मान तीस अंशांहून जास्त वळवू नका, शीर धमनीवर चढते. औषध वरच्या थरात थोडंच द्या, खोल पिचकारी नको.

डायलेटर हा माझ्या मते सर्वांत कमी आदर मिळालेला गडी. सेल्डिंगर या स्वीडिश रेडिओलॉजिस्टनं १९५३ मध्ये सुई, तार आणि नळीची युक्ती धमन्यांच्या तपासणीसाठी मांडली, तीच आपण आजही वापरतो. पण जाड नळ्यांसाठी वाट रुंद करणारा हा टणक दांडा बरेच जण मुठीपर्यंत आत घालतात. शीर दीड सेंटीमीटरवर असेल तर त्याला तीन-चार सेंटीमीटरच्या पुढे काहीही काम नसतं. तार मोकळी हलते ना, हे दर सेंटीमीटरला पाहत जा. आणि तीन प्रयत्न झाले की सुई दुसऱ्याच्या हातात द्या. यात कमीपणा नाही, त्या वेळेपर्यंत आपण शीर शोधत नसतो, हट्ट पुरवत असतो.

बरं होईल का? सेडन या ब्रिटिश सर्जननं १९४३ मध्ये केलेले नर्व्हच्या इजेचे तीन वर्ग अजून कामाचे आहेत. नुसता दाब किंवा धक्का असेल, आतले तंतू शाबूत असतील, तर आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत परत येतं. तंतू तुटले पण आवरण शिल्लक असेल तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतात. मानेपासून स्नायू किती लांब आहे ते मोजा, महिने कळतात. आवरणासकट तुटली असेल तर आपोआप नाही. ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी) पहिल्या आठवड्यात केली तर स्नायू खोटा दिलासा देतील, तुटल्याची चिन्हं उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. लवकर करायचीच असेल तर एका कारणासाठी: पेशंटला मधुमेहाची किंवा जुनी न्युरोपथी आधीच होती का, हे नोंदवायला. स्टेरॉइडनं हे लवकर बरं होतं असा भरवशाचा पुरावा नाही. हातात तीन महिन्यांत काहीच हालचाल परतली नाही, तर नर्व्ह सर्जनला दाखवायला उशीर करू नका. हॉर्नरची पापणी काहींत कायमची राहते, हे आजच सांगून ठेवा; नजरेला त्यानं धोका नसतो.

नातेवाइकांशी बोलताना 'नस दुखावली' म्हणू नका, त्यांना वाटेल ज्या शिरेतून औषध जातंय तीच फाटली. असं सांगा: 'लाइन टाकताना मानेत शिरेच्या शेजारच्या नर्व्हला इजा झाली आहे किंवा रक्तामुळे तिच्यावर दाब आला आहे. धमनीला काही झालंय का ते आज स्कॅनमध्ये बघतोय. आवाजाची तपासणी होईपर्यंत तोंडानं पाणी देऊ नका.' तीन वेळा टोचावं लागलं आणि एकदा धमनी लागली हेही तुम्हीच सांगा, त्यांनी दुसऱ्याकडून ऐकण्याआधी. फाइलमध्ये वेळा लिहा: कुठलं औषध किती मिली, कितव्या प्रयत्नाला काय झालं, लक्षण पहिल्यांदा कुणाला किती वाजता दिसलं, आणि बाहुल्या उजेडात किती मिलिमीटर, अंधारात किती.